निवासी केंद्रातील डिमेन्शियाग्रस्त ज्येष्ठांना मनोविकाराची औषधे: संमती कशी द्यावी, केव्हा नाकारावी

निवासी केंद्रात प्रवेश घेताना कुटुंबाकडून ज्या कागदांवर सह्या घेतल्या जातात, त्यांत बहुधा एक ओळ अशी असते: ‘रुग्णास आवश्यक वाटतील ती औषधे देण्यास आमची हरकत नाही.’ त्या दिवशी सामान लावायचे असते, अनामत रक्कम भरायची असते, आईची समजूत काढायची असते. त्यामुळे ती ओळ कोणी वाचत नाही. काही महिन्यांनी आई दुपारीही खुर्चीत पेंगलेली दिसते, बोलताना तिची जीभ जड वाटते, चालताना पाय घासतात, आणि चौकशी केल्यावर मावशी सांगतात की रात्री फार ओरडायच्या म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. कोणती गोळी, कशासाठी आणि किती दिवस, याचे उत्तर मावशींकडे नसते, आणि पुष्कळदा मॅनेजरकडेही नसते.

प्रवेशाच्या वेळची ती सही म्हणजे या गोळीला दिलेली संमती नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. त्यातील व्याख्येनुसार संमती विशिष्ट उपचारासाठी असावी लागते. ती दडपण, धाक, फसवणूक किंवा गैरसमज यांवाचून दिलेली असावी लागते. आणि त्या उपचाराचे फायदे, धोके व त्याला असलेले पर्याय संबंधित व्यक्तीला समजेल अशा भाषेत सांगितल्यानंतरच ती घेता येते. ‘आवश्यक वाटतील ती औषधे’ या शब्दांत यांपैकी काहीच बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या एका खटल्यात हेच तत्त्व मांडले होते: तपासणीसाठी दिलेली संमती पुढच्या उपचाराला लागू पडत नाही, आणि सज्ञान व सक्षम रुग्णाच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीही पुरेशी ठरत नाही.

हे मार्गदर्शन महाराष्ट्रातील अशा निवासी केंद्रांत आपले आईवडील, सासूसासरे किंवा अन्य नातलग ठेवलेल्या कुटुंबांसाठी आहे. औषध द्यावे की देऊ नये, हा वैद्यकीय निर्णय डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवा. ते बोलणे कसे करावे आणि त्याची नोंद कशी ठेवावी, एवढेच येथे सांगायचे आहे.

कोणती औषधे

केंद्रात ‘झोपेची गोळी’ किंवा ‘शांत राहण्याची गोळी’ या नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या गटांतील औषधे दिली जातात. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन आणि हॅलोपेरिडॉल ही अँटिसायकोटिक औषधे मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठी आहेत, आणि डिमेन्शियात त्यांच्याबाबतच सर्वांत जास्त सावधगिरी लागते. क्लोनाझेपाम, लोराझेपाम आणि अल्प्राझोलाम या गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो, गोंधळ वाढतो, आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. नैराश्यावरच्या गोळ्या हा तिसरा गट. व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध चिडचिडीसाठी दिलेले आढळते, पण डिमेन्शियातील अस्वस्थतेसाठी ते वापरू नये असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आपल्याकडे आणखी एका गोळीकडे लक्ष ठेवावे लागते. अँटिसायकोटिकमुळे येणारा ताठरपणा व कंप कमी व्हावा म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल सोबत देण्याची पद्धत आहे, आणि रिस्पेरिडोनबरोबर ते एकाच गोळीत मिसळूनही बाजारात मिळते. हे औषध स्मरणशक्तीला बाधक आहे. ज्या आजारात स्मरणशक्तीच ढासळत आहे त्या आजारात ते देण्याआधी डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगायला हवे. गोळीच्या पट्टीवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. पट्टीचा फोटो मागवून ते वाचावेत. ब्रँडच्या नावावरून काहीच कळत नाही.

सही कोणाची चालते

पहिला अधिकार त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे, आणि डिमेन्शियाचे निदान झाले म्हणून तो संपत नाही. कायद्याचे कलम ४ असे धरते की उपचाराविषयीची माहिती समजणे, निर्णयाचा किंवा निर्णय न घेण्याचा परिणाम उमगणे, किंवा बोलून, खुणेने वा हावभावाने निर्णय कळवणे ज्या व्यक्तीला जमते, ती व्यक्ती निर्णयक्षम आहे. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो निर्णयक्षम नाही असे ठरत नाही. आजोबा तारीख सांगू शकत नाहीत, नातवाचे नाव विसरतात, पण ‘ही गोळी घेतली की माझे डोके जड होते, मला नको’ असे म्हणतात, तेव्हा त्यांनी परिणाम ओळखून आपला निर्णय सांगितलेला असतो.

ही क्षमता दिवसागणिक आणि विषयागणिक बदलते. बँकेचा व्यवहार समजत नसला तरी गोळीचा प्रश्न समजू शकतो. सायंकाळी न समजलेली गोष्ट सकाळी नऊ वाजता समजू शकते. त्यामुळे ‘त्यांना काही कळत नाही’ हे मॅनेजरचे वाक्य क्षमतेची तपासणी म्हणून मान्य करू नये. डॉक्टरांनी कधी तपासले, काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, याची केस पेपरवर नोंद आहे का, ते पाहावे.

ती व्यक्ती निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर कायद्याने नामनिर्देशित प्रतिनिधीची तरतूद केली आहे. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. प्रतिनिधीनेही लेखी होकार द्यावा लागतो. असे कोणाला नेमलेले नसेल तर नातलग, त्यानंतर काळजीवाहक, आणि तेही नसतील तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती, असा क्रम आहे. नातलगांमधला क्रम मात्र कायदा लावून देत नाही. पुण्यातला मुलगा हो म्हणतो, न्यू जर्सीतली मुलगी नको म्हणते आणि ठाण्यातल्या सूनबाई रोज भेटायला जातात पण त्यांना कोणी विचारत नाही, अशा घरात केंद्र साहजिकच ज्याचा फोन आधी लागतो त्याचा होकार घेते. यावर उपाय एकच आहे. निदान झाल्यावर, समज शाबूत असतानाच, आईवडिलांनी स्वतः एका व्यक्तीचे नाव लिहून द्यावे. त्याबरोबर आगाऊ निर्देश करून ठेवला तर अधिक चांगले. आपल्यावर कोणता उपचार व्हावा आणि कोणता होऊ नये, हे त्यात लिहिता येते, आणि निर्णयक्षमता गेल्यावर तो लागू होतो.

येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. बँक आणि घराच्या कामासाठी केलेले मुखत्यारपत्र औषधाच्या निर्णयासाठी चालेल असे अनेकांना वाटते. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची विचारक्षमता गेली की मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा ते निरुपयोगी ठरते.

प्रतिनिधी झालेल्या व्यक्तीने ‘मला काय सोयीचे’ असा विचार करायचा नसतो. त्या व्यक्तीची आताची व पूर्वीची इच्छा, तिचे आयुष्य, तिची मूल्ये आणि तिचे हित यांचा विचार करणे हे कायद्याने त्याचे कर्तव्य ठरवले आहे, आणि ती व्यक्ती आज जे सांगते आहे त्याला, तिला जेवढे समजते त्या प्रमाणात, विशेष वजन द्यायचे आहे. ज्या आजींनी आयुष्यभर डोकेदुखीवरही गोळी घेतली नाही, त्यांच्या वतीने संमती देताना हा स्वभाव हिशेबात धरावाच लागतो.

गोळीआधी काय तपासावे

डिमेन्शियातली चिडचिड, मारणे, ओरडणे किंवा रात्रीचे फिरणे यांमागे पुष्कळदा असे कारण असते, जे त्या व्यक्तीला शब्दांत सांगता येत नाही. म्हणून संमतीच्या चर्चेतला पहिला प्रश्न असा असावा: हे केव्हापासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणासमोर आणि काय करताना होते?

वागणूक दोन-चार दिवसांत अचानक बदलली असेल तर आधी शरीर तपासावे. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार दिवसांचे बद्धकोष्ठ, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, न्यूमोनिया, नुकतेच सुरू झालेले दुसरे एखादे औषध, यांपैकी कशानेही वृद्ध माणूस एकाएकी भ्रमात जातो. अशा वेळी मनोविकाराची गोळी दिली तर मूळ आजार झाकला जातो.

दुसरे कारण म्हणजे वेदना. नॉर्वेतील १८ नर्सिंग होममधल्या, मध्यम ते तीव्र डिमेन्शिया आणि वागणुकीचा त्रास असलेल्या ३५२ रहिवाशांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक उपचार दिले गेले. बहुसंख्यांना त्यासाठी पॅरासिटामॉलच दिले होते. त्या गटाची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. गुडघे धरलेल्या आजी आंघोळीला नेताना मारत असतील, तर क्वेटियापिनच्या आधी पॅरासिटामॉलचा विचार डॉक्टरांपुढे ठेवण्यात काहीही गैर नाही.

त्यानंतर परिसर पाहावा. कवळी टोचते का, श्रवणयंत्राचा सेल संपला आहे का, मोतीबिंदूमुळे संध्याकाळच्या सावल्या माणसांसारख्या दिसतात का, दुपारी तीन तास झोपवल्यावर रात्री झोप कशी लागणार, हे प्रश्न साधे असले तरी केस पेपरवर क्वचितच दिसतात. आपल्या केंद्रांत भाषेचा प्रश्नही मोठा आहे. आजार वाढला की माणूस लहानपणीच्या बोलीकडे वळतो. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आजींना हिंदीतून आज्ञा देणारी नवी केअरटेकर परकी वाटते, आणि परक्या माणसाने कपडे काढायला लावले तर त्या प्रतिकार करतात. मावशी बदलून, आंघोळीची वेळ बदलून किंवा पाठीवर टॉवेल ठेवून पाणी घातल्याने प्रश्न सुटला, तर गोळी लागत नाही. असे काय काय करून पाहिले, किती दिवस आणि त्याचा काय परिणाम झाला, याचे उत्तर मिळेपर्यंत तातडीची वेळ नसल्यास संमती राखून ठेवावी. केंद्रात रात्रपाळीला माणसे कमी असतात हे खरे आहे आणि त्याबद्दल मावशींना दोष देणे अन्यायाचे आहे. पण माणसांची उणीव गोळीने भरून काढणे हा उपचार नव्हे.

डॉक्टरांना काय विचारावे

डॉक्टर केंद्रात आठवड्यातून एकदा फेरी मारत असतील, तर त्या वेळी दहा मिनिटे मागून घ्यावीत. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवरही चालेल. प्रस्तावित उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क कायद्याने रुग्णाला व नामनिर्देशित प्रतिनिधीला दिला आहे, त्यामुळे विचारताना संकोच नको.

पहिल्यांदा लक्षण नेमके विचारावे. ‘त्रास देतात’ हे लक्षण नव्हे. भास किंवा संशय इतके तीव्र आहेत की माणूस भीतीने कापतो आहे, किंवा स्वतःला वा इतरांना इजा होईल असे वागणे आहे, अशा वेळीच अँटिसायकोटिकचा विचार व्हावा, यावर ‘नाइस’ आणि अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे या दोन्हींचे एकमत आहे. सतत फेऱ्या मारणे, तोच प्रश्न शंभरदा विचारणे, ‘मला घरी जायचंय’ म्हणत राहणे, वस्तू लपवणे, यांवर या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. माणूस पेंगतो म्हणून त्या गोष्टी थांबल्यासारख्या दिसतात.

मग धोका आकड्यांत विचारावा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एप्रिल २००५ मध्ये नव्या अँटिसायकोटिक औषधांवर आपला सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापणे बंधनकारक केले, आणि २००८ मध्ये तो हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लावला. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्यावर, साधारण १० आठवड्यांच्या काळात औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, तर तुलनेसाठी औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. बहुतेक मृत्यू हृदयविकाराने किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाने झाले होते. म्हणजे अडीच महिन्यांत दर शंभर जणांमागे जवळपास दोन मृत्यू अधिक. याखेरीज पक्षाघात, पडणे, ताठरपणा आणि गिळताना ठसका लागणे हे धोके आहेतच. ज्या माणसाला सतत चोर घरात शिरल्याचा भास होतो आणि जो रात्रभर थरथरत बसतो, त्याच्यासाठी हा धोका पत्करणे योग्य असू शकते. नुसता रात्री जागा राहतो म्हणून तो पत्करणे मला पटत नाही.

डिमेन्शियाचा प्रकार विचारायला विसरू नये. ल्यूई बॉडी प्रकारात अँटिसायकोटिक दिल्यास काही रुग्णांना अतिशय तीव्र, प्रसंगी जीवघेणी प्रतिक्रिया येते. खोलीत लहान मुले किंवा प्राणी दिसणे, एक दिवस लख्ख समज आणि दुसऱ्या दिवशी धुके, हातपाय ताठ होणे, झोपेत हातवारे करणे, असे काही घरी असताना पाहिलेले असेल, तर ते डॉक्टरांना सांगणे हे कुटुंबाचेच काम आहे, कारण केंद्रातल्या कोणाला तो इतिहास ठाऊक नसतो.

शेवटी मात्रा आणि मुदत विचारावी. सर्वांत कमी मात्रेने सुरुवात आहे का, परिणाम कशावरून ओळखायचा, आणि बंद करण्याचा प्रयत्न कोणत्या तारखेला होणार? तारीख मिळत नसेल तर संमती देऊ नये, इतके या प्रश्नाचे महत्त्व आहे.

त्या व्यक्तीला कसे विचारावे

प्रतिनिधीची सही घेतली जाणार असली तरी ज्यांना गोळी घ्यायची आहे त्यांना विचारणे टाळू नये. सकाळची, नाश्त्यानंतरची वेळ घ्यावी. चष्मा व श्रवणयंत्र लावलेले असावे, टीव्ही बंद असावा आणि बोलणारा माणूस समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसलेला असावा. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि त्यांच्याच बोलीत सांगावी. ‘आई, रात्री तुला भीती वाटते ना? डॉक्टर एक गोळी देऊ म्हणतात. भीती कमी होईल. पण झोप जास्त येईल, तोल जाऊ शकतो. घेऊन बघायची का?’ एवढे पुरते. मग थांबावे, उत्तर यायला अर्धा मिनिट लागू शकतो आणि तो अर्धा मिनिट आपणच बोलून भरून काढू नये. मी काय सांगितले ते तुझ्या शब्दांत सांग, असे विचारले तर समजले किती ते कळते. वडिलांशी किंवा सासूबाईंशी बोलताना नेहमीचे आदरार्थी बोलणेच ठेवावे. लहान मुलाशी बोलल्यासारखे बोलले की पुष्कळ ज्येष्ठ रागाने नाही म्हणतात, आणि तो राग गोळीवर नसतो.

शब्द उरले नसतील तेव्हा शरीर बोलते. गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकणे, ओठ घट्ट मिटणे, हात झटकणे, हे रोज त्याच गोळीच्या वेळी होत असेल तर तो नकार समजून नोंदवायला हवा आणि डॉक्टरांना कळवायला हवा.

गोळी शिऱ्यात किंवा चहात मिसळून देणे, किंवा चव नसलेले थेंब पाण्यात टाकणे, ही आपल्याकडे घरातही आणि केंद्रांतही रुळलेली रीत आहे. गिळायला त्रास होतो म्हणून, सांगून केळ्यात गोळी देणे वेगळे. नकार चुकवण्यासाठी लपवून देणे वेगळे. जी व्यक्ती निर्णयक्षम आहे तिला असे लपवून देणे म्हणजे संमतीवाचून उपचार करणे होय. निर्णयक्षमता नसेल तरी हा निर्णय एकट्या सिस्टरने घ्यायचा नाही: डॉक्टर आणि प्रतिनिधी यांनी मिळून, कारण लिहून आणि ठरावीक मुदतीसाठी तो घ्यावा. शिवाय हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर सगळे औषध एकदम रक्तात उतरते, म्हणून कुटण्यापूर्वी फार्मासिस्टला विचारावे. आणि एकदा अन्नावरचा विश्वास उडाला, ‘हे माझ्या जेवणात काहीतरी घालतात’ हा संशय खरा ठरला, की जेवणच बंद होण्याची भीती असते.

लेखी काय द्यावे

तोंडी होकार दिला तरी त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवावा आणि केंद्राने तो केस पेपरला लावावा असे सांगावे. परदेशातून निर्णय घेणाऱ्या मुलांसाठी तर हाच एक भरवशाचा पुरावा असतो. मजकूर असा असू शकतो:

‘माझ्या आईस (खोली क्रमांक अमुक) डॉक्टरांनी आज सुचवलेले अमुक औषध, अमुक मात्रेत, रात्री एकदा, आजपासून चार आठवडे देण्यास तिची नामनिर्देशित प्रतिनिधी या नात्याने माझी संमती आहे. कारण: रात्री चोर आल्याची तीव्र भीती व त्या भरात केअरटेकरला दोनदा झालेली इजा. लघवीची व रक्ताची तपासणी झाली असून संसर्ग नाही. पक्षाघात, पडणे व मृत्यूचा वाढीव धोका मला सांगण्यात आला आहे. आईला आज सकाळी विचारले असता तिने मान डोलावून होकार दिला. मात्रा वाढवणे, औषध बदलणे किंवा मुदत वाढवणे यांसाठी ही संमती लागू नाही. त्याआधी मला कळवावे. चार आठवड्यांनी आढावा घ्यावा.’

यातले सर्वांत उपयोगी वाक्य शेवटून दुसरे आहे. मात्रा वाढते ती बहुधा फोनवर, रविवारी रात्री आणि कोणालाही न कळवता.

‘एसओएस’ म्हणून लिहिलेल्या गोळीबाबत अधिक काटेकोर असावे. गरज पडल्यास द्यावी, असे लिहिलेली गोळी गरज कोणाची हे ठरवण्याचे काम रात्रपाळीवर सोपवते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार नर्सिंग होममध्ये मनोविकाराच्या औषधाची अशी चिठ्ठी १४ दिवसांपुरतीच असते, आणि अँटिसायकोटिक असल्यास डॉक्टरांनी रुग्णाला स्वतः तपासल्याखेरीज ती पुन्हा लिहिता येत नाही. आपल्याकडे असा नियम नसला तरी हीच अट आपल्या संमतीपत्रात घालायला कोणाची आडकाठी नाही. कोणत्या लक्षणासाठी, दिवसातून कमाल किती वेळा आणि दिल्यावर कोणाला कळवायचे, हे तीन मुद्दे त्यात असावेत.

खरोखरीची तातडीची वेळ वेगळी. जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असताना कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार करू शकतो; प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यायची असते, आणि ही मुभा कमाल ७२ तासांची आहे. ‘इमर्जन्सी होती’ म्हणून सुरू झालेली गोळी तिसऱ्या आठवड्यातही चालू असेल, तर तिच्यासाठी वेगळी संमती हवी.

गोळी सुरू झाल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत भेट देणाऱ्याने चालणे, गिळणे, दिवसाची झोप आणि बोलणे यांकडे लक्ष द्यावे; दूर असणाऱ्यांनी दुपारच्या वेळी व्हिडिओ कॉल करावा, कारण सकाळच्या ठरलेल्या कॉलला आजींना तयार करून बसवलेले असते. पडणे, ठसका, एकाएकी आलेला ताप व ताठरपणा, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या तत्त्वांनुसार योग्य मात्रेत चार आठवडे देऊनही फरक पडला नाही तर अँटिसायकोटिक कमी करत बंद करावे, आणि फरक पडला असला तरी सुरू केल्यापासून चार महिन्यांच्या आत ते कमी करून पाहावे. ‘नाइस’ दर सहा आठवड्यांनी आढावा घ्यायला सांगते. बरे वाटते आहे तर कशाला हात लावा, असा युक्तिवाद मग केंद्राकडूनही होतो आणि कुटुंबाकडूनही. ब्रिटनमध्ये केअर होममधल्या अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन वर्षांनंतर औषध चालू ठेवलेल्या गटातले ४६ टक्के, तर औषध थांबवून नकली गोळी दिलेल्या गटातले ७१ टक्के जिवंत होते. चाचणी लहान होती, तरीही आढाव्याची तारीख पुढे ढकलताना हे आकडे आठवावेत. काहींना औषध थांबवल्यावर त्रास परत येतो, विशेषतः मूळ भास तीव्र असतील तर. तेव्हा पुन्हा सुरू करण्याची नवी चर्चा करता येते.

बंद करण्याचा निर्णय कुटुंबाने परस्पर घेऊन गोळी एकाएकी थांबवू नये. दीर्घकाळ घेतलेले क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम अचानक बंद केल्यास फिट येऊ शकते. कमी करण्याचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

नकार दिला आणि ऐकले नाही तर

संमती केव्हाही मागे घेता येते, तीही शक्यतो लेखी. त्यावर ‘मग तुमच्या पेशंटला घेऊन जा’ असे उत्तर येऊ शकते, आणि पर्याय नसलेल्या कुटुंबाला ते घाबरवते. अशा वेळी वाद न घालता दोन कागद मागावेत. पहिला, औषधे कोणत्या तारखेला कोणी लिहिली व रोज कोणी दिली याची नोंद. वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क कायद्यात आहे. दुसरा, संस्थेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र. मानसिक आजाराच्या कायदेशीर व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांचे गंभीर विकार येतात, आणि अशा व्यक्तींना काळजी व उपचारांसाठी ठेवून घेणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. वृद्धाश्रम म्हणून चालणाऱ्या आणि डिमेन्शियाचा स्वतंत्र मजला काढलेल्या किती संस्थांनी ती केली आहे, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. नोंदणीकृत संस्थेत प्रतिनिधीच्या अर्जावरून त्या व्यक्तीला दाखल करून घेतले असेल (याला ‘सपोर्टेड ॲडमिशन’ म्हणतात), तर पहिल्या ३० दिवसांत दर सात दिवसांनी आणि त्यापुढे दर पंधरवड्याला निर्णयक्षमतेचा आढावा घेणे बंधनकारक आहे. त्या आढाव्यांच्या नोंदीही मागता येतात.

तक्रार आधी संस्थेच्या वैद्यकीय प्रमुखांकडे आणि तेथे समाधान झाले नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, आणि तेथेही झाले नाही तर राज्य प्राधिकरणाकडे करता येते. कोठे जायचे हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या एल्डरलाइनवर विचारावे. औषधाविषयी शंका असेल आणि मानसोपचारतज्ज्ञ हाताशी नसेल, तर टेली-मानस १४४१६ वर बोलता येते.

रुग्णालयातून केंद्रात परतताना डिस्चार्जच्या कागदावरची यादी स्वतः वाचावी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन रात्री भ्रम झाला म्हणून तेथे सुरू केलेले हॅलोपेरिडॉल किंवा क्वेटियापिन यादीत तसेच राहते, केंद्र ती यादी जशीच्या तशी पुढे चालवते, आणि ते कशासाठी होते हे सांगणारे कोणीच उरत नाही. परतल्याच्या दिवशीच केंद्राच्या डॉक्टरांना विचारावे की ही गोळी आता कशासाठी आहे आणि कधी बंद होणार, आणि चालू ठेवायची असेल तर वरच्यासारखा मजकूर नव्या तारखेने पुन्हा लिहून द्यावा.